४१७ वर थांबलेला आकडा

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज अख्खा दिवस एकाच सीटखाली गेला. पाठ भरून आली आहे, पण हे लिहून काढल्याशिवाय झोप लागायची नाही.

सकाळी उद्यमनगरात गॅरेजचं शटर वर करतोय तोवर बाईंची गाडी दारात उभी. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. उंची पाच फुटाला दोन इंच कमी. गाडी अकरा वर्षांची, मोठी, ऑटोमॅटिक गिअरची. मुलगा बंगळूरहून महिन्यातून एक-दोनदा येतो, सहा फुटी माणूस. तो गाडी काढताना सीट पार मागे नेतो. तो परत गेला की बाईंना सीट पुढे आणायची असते. संधिवातानं बोटं वाकलेली आहेत, बाजूचं स्विच दाबून धरणं त्यांना जमत नाही. त्यांचा सगळा भरवसा दारावरच्या १ नंबरच्या बटणावर. ही मेमरी सीट, बटण दाबलं की लक्षात ठेवलेल्या जागी आपोआप यायला हवी. ते दाबलं की सीट चार बोटं पुढे येते आणि थांबते. पुन्हा दाबलं की एक हिसका, पुन्हा थांबते. कशीबशी पुढे आलीच तर जागा चुकलेली असते.

"दोन महिने पाठीला उशी लावून चालवतेय," बाई म्हणाल्या.

हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. जोरात ब्रेक मारायच्या वेळी पाठीमागची उशी दबते, अंग मागे जातं आणि पाय पेडलपासून लांब राहतो. तेवढं अंतर पुरतं अपघाताला. मेमरी सीट म्हणजे श्रीमंतांची चैन असं हाताखालच्या पोराला वाटत होतं, बाईंचा पाय कुठवर पोचतोय ते त्याला वाकून बघायला लावलं. सोय तशी नवीही नाही. अमेरिकेत १९५७ च्या फोर्ड थंडरबर्डला तबकडी असलेली सीट मिळायची. किल्ली बंद केली की सीट मागे आणि खाली जायची, चालू केली की तबकडीवर ठरवलेल्या जागी परत यायची. तेव्हा गाडीत संगणक नव्हता.

बाई आधी दुसऱ्या एका गॅरेजात जाऊन आल्या होत्या. तिथं सीटचं कंट्रोल युनिट, म्हणजे सीट चालवणारा छोटा संगणक, गेलंय, चाळीस हजारांच्या वर खर्च येईल असं सांगितलं होतं. युनिट खरंच जातं कधी कधी. सीटखाली पाणी शिरलं, गाडी पुरात उभी राहिली तर जातं. पण मी तीन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाच्या गाडीचं युनिट असंच अंदाजानं बदललं होतं. बिघाड तिथं नव्हता. त्या माणसाचे पैसे मी हप्त्यानं परत केले, आणि तेव्हापासून ही वही लिहितोय.

म्हणून आधी विचारपूस. बॅटरी कधी बदलली? दोन महिन्यांपूर्वी. बिघाड त्याच्या आधी सुरू झाला की नंतर? बाई नीट आठवून म्हणाल्या, "आधी आठवडाभर. सीट कव्हर बसवल्यानंतर." ते मी वहीत लिहिलं, पण त्या क्षणी त्याचं वजन कळलं नाही. बॅटरी मोजली, १२.५ व्होल्ट. व्होल्टेज पडलं की युनिट सीटची मोटर चालवत नाही, म्हणून हे पहिलं बघायचं. गिअर पार्किंगला, दार उघडं. बऱ्याच गाड्यांत दार उघडं असताना बटण एकदा दाबून सोडलं तरी चालतं आणि दार लावलं की धरून ठेवावं लागतं. काहींना तोच बिघाड वाटतो. गेल्या वर्षी एक नवरा-बायको आले होते, सीट रोज उलट्या जागी जाते म्हणून. दोघांच्या किल्ल्यांची अदलाबदल झाली होती. गाडी किल्ली ओळखून सीट लावत होती, तिचं काहीच चुकत नव्हतं.

गाडीतले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. सीट पुढे-मागे नेणाऱ्या मोटरच्या सेन्सरचा बिघाडाचा कोड पडलेला. कोड बघून सेन्सर मागवणारे खूप आहेत, पण कोडमधून फक्त गल्ली कळते, घर आपणच शोधायचं असतं. स्कॅनरवर सीटच्या जागेचे चालू आकडे उघडले आणि पोराला स्विच दाबायला सांगितलं. सीट मागच्या टोकापासून निघाली. आकडा चढत गेला, ४१०, ४१५, ४१७, आणि तिथंच उभा राहिला. मोटरचा आवाज मात्र अर्धा सेकंद येत राहिला, मग बंद.

"दादा, मोटर फिरतीय की! मग आकडा का थांबला?"

त्याच्या या प्रश्नातच सगळं आलं. त्याला खाली बसवून समजावलं. या सीटला आपली जागा दिसत नाही, तिला फेऱ्या मोजता येतात. मोटरच्या दांड्यावर चुंबकाची कडी असते, शेजारी चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. कडी फिरली की सेन्सर टिक देतो, युनिट टिका मोजतं. बाईंची जागा म्हणजे टोकापासून इतक्या टिका, एवढंच त्याच्याकडे लिहिलेलं असतं. मोटरला करंट दिला आणि टिका आल्याच नाहीत तर युनिट समजतं की सीट कशाला तरी अडकली, मागे एखाद्या लेकराचा पायही असेल, आणि करंट तोडतं. हिसका येतो तो यामुळे. आणि त्या अर्ध्या सेकंदात सीट सरकली तरी ते अंतर मोजलं गेलेलं नसतं. असे दहा हिसके झाले की हिशेब इंच-दोन इंचांनी चुकतो. बटण दाबून सीट भलतीकडे थांबते ती त्यामुळे. आधीच्या गॅरेजनं सीट दोन्ही टोकांना नेऊन मोजणी पुन्हा लावून दिली होती, तर एक दिवस ठीक चालली. लक्षात कसं ठेवायचं ते युनिट विसरलं नव्हतं, त्याच्यापर्यंत मोजणीच पोचत नव्हती.

तीन-चार वेळा करून बघितलं. आकडा दरवेळी ४१० ते ४२० च्या मध्येच थांबायचा. सेन्सर मेला असता तर कुठंही थांबला असता किंवा सुरूच झाला नसता. एकाच जागी थांबतो म्हणजे त्या जागी काहीतरी ताणलं जातंय.

सीट सोडवायला तास गेला. पुढचे बोल्ट सीट मागे असताना दिसतात, मागचे पुढे असताना, आणि सीट तर हिसक्या-हिसक्यानं सरकणारी. बाजूची एअरबॅग सीटमध्येच असते, म्हणून बॅटरी काढून दहा मिनिटं थांबलो. पोराला तंबी दिली, पिवळ्या कपलरला, म्हणजे एअरबॅगच्या वायरींच्या जोडाला, हात लावायचा नाही. एकही कपलर न काढता सीट मागे कलती केली आणि मग बॅटरी जोडली.

सेन्सरच्या बारीक वायरी. कपलरच्या मागून सुई घालून मीटर लावला. युनिटकडे ५ व्होल्ट, मोटरकडे ५ व्होल्ट. वायरिंगचा झुपका बोटानं जरा पुढे ओढला आणि मोटरकडचे शून्य. सोडला की पुन्हा ५. मग हात फिरवत गेलो, तर रुळाजवळ एक काळा केबल टाय लागला. तो कंपनीचा नव्हता. सीट कव्हरचा पट्टा ओढून धरायला कुणीतरी वायरींसकट आवळलेला. सीट पुढे आली की वायरिंगला जी ढील लागते ती या टायनं खाऊन टाकली होती.

टाय कापला. वायर बाहेरून धडधाकट दिसत होती, ना कट ना काळा डाग. चिमटीत धरून हलकेच ताणली तर एका जागी आवरण रबरासारखं लांब झालं, मध्ये बारीक. आत तांबं तुटलेलं. सैल असताना टोकाला टोक लागायचं आणि व्होल्ट दिसायचे, ताण आला की सुटायचं. पोरानं स्वतः ताणून बघितली, मग बराच वेळ काही बोलला नाही. मलाही पहिल्यांदा अशी वायर हाताला लागली तेव्हा असंच झालं होतं.

चकचकीत तांबं लागेपर्यंत कापली. हलत्या जागी मी सोल्डर करत नाही. सोल्डर पाझरतं, तार कडक होते आणि वर्षभरात त्याच्या काठावरच तुटते. तेवढ्याच जाडीचा बारीक तारांचा तुकडा घेतला, दोन्हीकडे क्रिंप, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोड, वर स्लीव्हचं आवरण, आणि जोड वाकणाऱ्या जागेपासून लांब, मऊ भागात ठेवले. ढील पहिल्यासारखी करून दिली. सीट कव्हर काढून ठेवलं. त्याला एअरबॅगच्या बाजूला उसवणारी शिवणच नव्हती. वेळ आली असती तर बॅग त्या कापडातच अडकली असती. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "ते परत बसवू नका."

सीट बसवली, कोड पुसला. प्रत्येक मोटर दोन्ही टोकांना नेली, टोकाला स्विच थोडा वेळ धरून ठेवलं, मोजणी नव्यानं लागली. बाईंना बसवून त्यांची जागा ठरवली, पाय ब्रेकवर पूर्ण दाबून घेतला, गुडघा जरा वाकलेला राहील अशी. मग सेटचं बटण, लगेच १. टुणकन आवाज आला. रुळावर खडूची रेघ ओढली. मागे टोकाला न्यायची, १ दाबायचं, रेघ बघायची. दहा वेळा केलं. दहाही वेळा रेघेवर.

बाईंनी पैसे विचारले. अकराशे सांगितले. चाळीस हजारांची तयारी करून आलेल्या, त्यांनी दोनदा विचारलं, "तुम्ही नक्की बरोबर सांगताय ना?" मी पोराच्या हातातला वायरचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

एक गोष्ट मनात राहिली आहे. त्याच टायखाली एअरबॅगचीही वायर होती. तिचं आवरण थोडं चेपलंय, तुटलेली नाही, स्कॅनरला कोडही नाही. तिथं मीटर लावायचा नसतो आणि ती जोडायचीही नसते, बदलायची तर पूर्ण वायरिंग बदलायचं. बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. एअरबॅगचा दिवा लागला तर त्याच दिवशी यायचं, नाही लागला तरी महिन्यानं दाखवून जायचं. तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे, बाईंच्या फोन नंबरसकट.