भैरवीतला अभंग चार आवाजांत: तालमीची नोंद

सर्वधर्म समूहगानाच्या कार्यक्रमात आमच्या नगरच्या चर्चच्या तरुण संघाने ना. वा. टिळकांचा अभंग गायचा, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. इंग्रजी अँथम, म्हणजे चर्चमधली समूहगीतं, मुलांना पाठच आहेत, पण भजनी मंडळाची आणि गुरुद्वाऱ्यातली मुलं शेजारी बसलेली असताना टिळकच हवेत, यावर मी अडून राहिलो. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेला हा कवी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर नगरलाच त्यांची बरीच वर्षं गेली.

चाल भैरवीतली, ठेका भजनी. पहिला प्रश्न पट्टीचा, म्हणजे पेटीची कोणती पट्टी सा धरायची याचा. मुलगे काळी एकला (पहिली काळी पट्टी) सुखात, मुली काळी चारला. शेवटी काळी एकच ठेवली. मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, मुलींना खाली जातो, म्हणून तो मुलग्यांनी उचलायचा. अंतऱ्यात तार सा (वरचा सा) आला की मुली पुढे. एवढ्यानेच गाणं उजळलं.

खरी झटापट हार्मनीची, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर जुळवून गाण्याची. चर्चमध्ये वाढलेला कान शेवटाला प-नी-रे मागतो आणि मग सा. भैरवीत नी आणि रे दोन्ही कोमल, त्यामुळे तो कॉर्ड (एकत्र लावलेला सुरांचा गट) लंगडा लागतो. भैरवीत बाराही सूर चालतात हे मान्य, पण नेमकं षड्जावर, म्हणजे सावर, उतरताना शुद्ध नी लावला की अभंगाचं एकदम कॅरल, म्हणजे नाताळगीत, होतं. सध्या चार आवाजांत (मुलींचे उंच सोप्रानो आणि खालचे आल्टो, मुलग्यांचे उंच टेनर आणि खालचे बास) बसवलंय ते असं: सोप्रानो कोमल रेवरून सावर, आल्टो मवरून कोमल गवर, टेनर कोमल धवरून पवर. बास सा सोडतच नाही. त्या सावर कोमल रे घासतो, अगदी तानपुऱ्यासोबत घासतो तसा. मुलांना आधी ते बेसूर वाटायचं. पेटी बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर म्हणून घेतलं, तेव्हा एक आल्टो म्हणाली, ‘सर, आता सा किती गोड लागतो!’ यासाठीच तर ही सगळी खटपट.

हा उतार कुठे ठेवायचा हे छंदानेच सांगितलं. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चारच. तिथे ठेक्यात मोकळी जागा मिळते. मुलं श्वास तिथेच घेतात, आवाजही तिथेच जुळतात. टाळ मात्र तिथे हलके हवेत, नाहीतर टेनर ऐकूच येत नाही.

संयुक्त गाण्यासाठी गुरुद्वाऱ्यातल्या मुलांनी नामदेवांचा तिलंग रागातला शबद (गुरु ग्रंथ साहिबातलं पद) निवडलाय. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, हे आमच्यातल्या निम्म्या मुलांना नवीनच होतं. भजनी मंडळाची मुलं तर ऐकून हरखलीच. रहाउची ओळ, म्हणजे शबदाचं ध्रुपद, सगळ्यांनी मिळून म्हणायची आणि पखवाज भजनी मंडळाचा. इथे मी हार्मनी घातलेली नाही. तिलंगमध्ये रे-ध नाहीत, त्या मोकळेपणातच त्याची गोडी आहे. शंभर गळ्यांनी एकसुरात म्हटलेलं मला जास्त भावतं.

राहिलेली कामं: टेनरचा कोमल ध अजून चढतो, विशेषतः लय वाढल्यावर. शबदातले पंजाबी उच्चार त्यांच्या ज्ञानीजींसमोर बसून पक्के करायचेत. पखवाज आणि तबला एकाच पट्टीत मिळवून पाहायचेत. आणि माइक कमीत कमी. चार आवाज एकमेकांना ऐकू आले पाहिजेत, यावर आयोजकांशी बोलणं चालू आहे.