एका थेंबाचे उत्तर

गेल्या आठवड्यात पहाटे तीनच्या सुमारास प्रसूतिकक्षाच्या दाराशी एका सासूबाईंनी मला थांबवून विचारले, “ओ मॅडम, ठोके कमी झाले म्हनता, म्हंजी लेकरू गुदमरायलंय का?” बीड जिल्ह्यात बाळंतपणे करताना हा प्रश्न मला नेहमीच पडतो, आणि बाळाच्या हृदयाचे ठोके नोंदणाऱ्या यंत्राच्या कागदी पट्टीवरून त्याचे नेमके उत्तर मिळत नाही. पट्टी चांगली असली तर बाळ सुखरूप आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. पण पट्टी बिघडलेली असूनही जन्मताच खणखणीत रडणारी बाळे मी पुष्कळ पाहिली आहेत.

ही शंका फेडण्यासाठी बर्लिनचे प्रसूतितज्ज्ञ एरिख झालिंग यांनी 1960च्या दशकाच्या आरंभी बाळाच्या डोक्याच्या त्वचेतून रक्त घेण्याची पद्धत आणली. प्राणवायू कमी पडला की बाळाच्या रक्तात आम्ल साचते आणि पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, उतरतो. तो 7.25 किंवा अधिक असेल तर कळा चालू ठेवता येतात, 7.20 किंवा कमी असेल तर बाळ तातडीने बाहेर काढावे लागते, आणि मधला आकडा आला तर अर्ध्या तासाने पुन्हा रक्त घेतात.

प्रशिक्षणासाठी इंग्लंडला असताना मी ही तपासणी जवळून पाहिली. पाणमोट फुटलेली, पिशवीचे तोंड निदान 3 सेंटिमीटर उघडलेले आणि आई डाव्या कुशीवर. बाळाचे डोके पुसून त्यावर पॅराफिनचा पातळ थर देतात, म्हणजे रक्त पसरत नाही. मग टाळूची जागा सोडून पात्याचे टोक जेमतेम 2 मिलिमीटर टेकवले की मोहरीएवढा थेंब गोल उभा राहतो आणि काचेच्या बारीक नळीत आपोआप चढतो. आईला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी असेल तर मात्र ही तपासणी करीत नाहीत.

हिच्यामुळे सिझर कमी होतात का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. तरीही शंकेच्या घडीला विचारायला दुसरी जागा असावी, असे मला मनापासून वाटते. आमच्या प्रसूतिकक्षाजवळ मात्र रक्ताचा पीएच मोजणारे यंत्रच नाही.

त्या रात्री सुनेला कुशीवर वळवले, कळांचे सलाईन थांबवले आणि पोटावर हात ठेवून कळ ओसरल्याचे पाहत प्रत्येक कळेनंतर ठोके ऐकले. ते सावरले नाहीत, म्हणून सिझर केले. मुलगी लगेच रडली. त्या सिझरची खरोखर गरज होती का, हे मला आजही सांगता येत नाही.