मुरूडचे प्राध्यापक आणि आमचे गणिताचे सर

आपल्या शाळेत 1970 च्या दशकात गणित शिकवणाऱ्या ज्या सरांविषयी मी लिहिणार आहे, त्यांचे नाव या लेखात नाही. हयातीत त्यांनी सत्कार स्वीकारला नाही, निवृत्तीच्या दिवशी हारसुद्धा गळ्यात न घालता हातातच घेतला, आणि त्यांच्या कुटुंबीयांनीही नाव न छापण्याची विनंती केली आहे. माझ्या पिढीच्या विद्यार्थ्यांना ते न सांगताही कळेल.

सरांची एक पद्धत होती. फळ्यावरचे उदाहरण सोडवून झाल्यावर 'हेच उत्तर किती जणांचे आले?' असे ते कधीही विचारत नसत. ज्याचे उत्तर वेगळे आले असेल त्याला उभे करून ते पायऱ्या वाचायला लावत, आणि चूक सापडेपर्यंत किंवा चूक नाही याची खात्री पटेपर्यंत वर्ग पुढे सरकत नसे. आम्ही नववीत असताना एका उदाहरणाचे पुस्तकामागे छापलेले उत्तर चुकलेले होते. बहुतेकांनी, अर्थातच, शेवटच्या दोन पायऱ्या ओढूनताणून त्या छापील उत्तराशी जुळवल्या होत्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र आपले उत्तर बदलले नव्हते. 'पण सर, सगळ्यांचे तेच आले आहे,' असे कोणीतरी म्हणाले, तेव्हा सरांनी खडू खाली ठेवला आणि आपल्याच तालुक्यातल्या मुरूडच्या एका गणिताच्या प्राध्यापकाविषयी सांगायला सुरुवात केली. तो तास, आणि त्याच्या पुढचाही, रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर गेला.

दापोली तालुक्यात कर्वे म्हटले की महर्षी अण्णासाहेब कर्वेच डोळ्यांपुढे येतात, आणि ते योग्यही आहे. 1893 मध्ये अण्णांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला म्हणून मुरूडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याच अण्णांना पुढे देशाने डोक्यावर घेतले आणि 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न दिले. समाज उशिरा का होईना पण त्यांच्याकडे आला आणि तो येताना त्यांना पाहता आला. थोरल्या मुलाच्या वाट्याला हे आले नाही. रघुनाथरावांचा जन्म 1882 चा. ते नऊ वर्षांचे असताना त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. 1899 च्या मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले, पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी गणिताचा अभ्यास केला आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक झाले. येथपर्यंतची हकीगत कोणत्याही हुशार कोकणी मुलाला शोभावी अशीच आहे.

1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले तेही याच वर्षी, म्हणजे हा विचार तेव्हा जगातच नवा होता. मुले किती व्हावीत आणि केव्हा व्हावीत हे ठरवण्याचा अधिकार माणसाला, आणि विशेषतः जिच्या देहावर हा सगळा भार पडतो त्या स्त्रीला असावा, हे त्यांचे म्हणणे होते. मिशनरी मंडळींनी चालवलेल्या महाविद्यालयाला आपल्या प्राध्यापकाचे हे काम मानवणारे नव्हते. काम थांबवा किंवा नोकरी सोडा, असा प्रश्न आला तेव्हा 1925 मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिकाचा पहिला अंक निघाला आणि 1953 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते निघत राहिले.

सरांना यातले काय महत्त्वाचे वाटत होते ते मला पुष्कळ वर्षांनी नीट कळले. राजीनाम्याचे कौतुक ते दोन वाक्यांत संपवत. एका आवेशात नोकरी सोडणारे पुष्कळ निघतात, असे त्यांचे मत होते. मात्र सव्वीस वर्षे दर महिन्याला लेख लिहायचे, मुद्रिते तपासायची, वाचकांच्या पत्रांना उत्तरे द्यायची, तोटा सोसायचा, घर पत्नी मालतीबाईंच्या पगारावर चालले आहे हे रोज पाहायचे, आणि तरीही पुढच्या महिन्याचा अंक वेळेवर काढायचा, याविषयी बोलताना त्यांचा आवाज बदलत असे. बहुमताविरुद्ध उभे राहण्यातली खरी मेहनत या हिशेबी, कंटाळवाण्या, कोणी न पाहणाऱ्या कामात असते, हे मला आज स्वतःच्या अनुभवानेही पटते.

शिवाय समोरचे बहुमत केवळ सनातन्यांचे नव्हते, हेही सरांनी आम्हांला सांगितले. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता आणि संयम हाच त्यांचा उपाय होता. अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांना भेटल्या, तरी गांधीजींचे मत बदलले नाही. ज्या काळात गांधीजींचा शब्द घराघरांत प्रमाण मानला जात होता, त्या काळात कर्वे त्यांच्या या मतावर नाव घेऊन टीका करत होते. 1931 मध्ये एका लेखाबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. 1934 मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून दुसरा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. तोही खटला ते हरले आणि दंड दोनशे रुपये झाला. 1938 मध्ये आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, तो मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. सरांनी हे सांगून झाल्यावर शांतपणे विचारले होते, 'मतदान झाले. आता त्यामुळे बाळंतपणात मरणाऱ्या बायकांची संख्या किती कमी झाली?'

नववीच्या वर्गात, मुलामुलींसमोर, 1975 मध्ये हा विषय काढणे ही साधी गोष्ट नव्हती. काही पालक मुख्याध्यापकांकडे गेले. सरांनी आपण काय सांगितले ते जसेच्या तसे लिहून दिले आणि यातले कोणते विधान खोटे आहे ते दाखवावे, असे म्हटले. ते कोणी दाखवले नाही, तरी गावात त्यांना एक टोपणनाव मिळालेच. ते येथे लिहिण्यासारखे नाही.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी आली. माझे वडील तेव्हा शाळेत लेखनिक होते, त्यामुळे पुढची हकीगत मला घरातूनच कळली. 1976 हे आणीबाणीचे वर्ष. कुटुंबनियोजन, ज्याच्यासाठी कर्व्यांनी आयुष्य वेचले, ते आता सरकारचे सर्वांत मोठे काम झाले होते. तिसऱ्या अपत्यानंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याच वर्षी मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही, हे नंतरचे. कॅम्प लागत होते, आणि तलाठ्यापासून शिक्षकापर्यंत प्रत्येकाला किती 'केसेस' आणायच्या याचे आकडे दिले जात होते. त्या एका आर्थिक वर्षात देशभर ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. आमच्या शाळेलाही आकडा आला. तो शिक्षकांत वाटला गेला, आणि सरांकडे सगळे अपेक्षेने पाहू लागले, कारण या विषयाचा त्यांच्याइतका पुरस्कर्ता पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

सरांनी लेखी कळवले की, जो कोणी आपणहून विचारायला येईल त्याला मी सर्व माहिती देईन, दवाखान्यापर्यंत सोबतही करीन, पण रेशनकार्डाची, कर्जाची किंवा मुलाच्या प्रवेशाची भीती घालून एकाही माणसाला मी कॅम्पला नेणार नाही. हे पत्र माझ्या वडिलांनी टंकलिखित केले. 'शब्द थोडे मऊ करू का?' असे वडिलांनी विचारले होते, आणि सरांनी नकार दिला होता.

त्यांच्याविरुद्ध उभे राहिले ते सरकारपेक्षा आधी सहकारी. त्यांना दोष देणे मला आज अवघड जाते. सरांच्या वाट्याच्या केसेस इतरांच्या अंगावर पडणार होत्या, पगार अडकण्याची भीती होती, घरी लहान मुले होती. शिक्षकांच्या खोलीत बैठक झाली आणि सरांनी पत्र मागे घ्यावे असे सर्वांनी, वडिलांच्या सांगण्याप्रमाणे अगदी एकमताने, ठरवले. सर बैठकीला हजर होते. आपला विरोध इतिवृत्तात नोंदवावा एवढे सांगून ते तासाला गेले. त्यांची वेतनवाढ रोखली गेली. 1977 च्या निवडणुकीनंतर ती मोकळी झाली, पण मधल्या काळात त्यांच्याशी कामापुरतेच बोलणाऱ्या काही जणांचे बोलणे नंतरही कामापुरतेच राहिले.

गंमत अशी की दोन वर्षांत दोन्ही बाजूंची माणसे त्यांच्यावर रागावली होती. आधी ते कुटुंबनियोजनाचे म्हणून वाईट होते, नंतर कुटुंबनियोजनाच्या विरोधातले म्हणून. सरांचे विधान मात्र दोन्ही वेळा एकच होते, आणि ते कर्व्यांचेच विधान होते: निर्णय ज्याचा देह त्याचा. 1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1953 रोजी, कर्वे वारले. सरकारने त्यांचे साधन उचलले आणि त्यांचा युक्तिवाद मागे ठेवला, असे सर एकदा म्हणाले होते. सरकारी आरोग्यसेवेत स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना त्या वाक्याचा अर्थ मला दर मार्चमध्ये समजत गेला, कारण वर्षअखेर जवळ आली की उद्दिष्टांचे तक्ते भिंतीवर चढत आणि तपासणीच्या टेबलावरची बाई त्या तक्त्यातला एक आकडा होऊन जाई. बैठकांत मी याविरुद्ध बोलले, तेव्हा मला साथ देणारे फार नव्हते. एप्रिल 1996 मध्ये केंद्र सरकारने ही उद्दिष्टे रद्द केली. त्या वेळी सर हयात होते. मी त्यांना पत्राने कळवले, तेव्हा उलट टपाली कार्ड आले. त्यात त्यांनी फक्त विचारले होते की, उद्दिष्टे गेल्यावर प्रत्यक्ष दवाखान्यात काय बदलले ते आकड्यांसह लिही. ते उत्तर लिहायला मला बराच वेळ लागला, कारण कागदावरून गेलेली उद्दिष्टे तोंडी सूचनांत पुष्कळ दिवस टिकून होती आणि हे लिहिल्याशिवाय पत्र पूर्ण झाले नसते.

रघुनाथ कर्वे यांचे लेखन आता पुस्तकरूपाने मिळते. त्याचा एक संच मी आपल्या शाळेच्या महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या ग्रंथालयाला दिला आहे आणि व्यवस्थापन समितीने तो आनंदाने स्वीकारला आहे. माझी विनंती इतकीच की, तो मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कुलपाच्या कपाटात न ठेवता नववी-दहावीच्या मुलामुलींना घरी नेता येईल अशा फळीवर ठेवावा. तक्रार घेऊन पालक आले, तर त्यांना माझा पत्ता द्यावा.