पेठची शाळा, पेनड्राइव्ह आणि दोन फेऱ्या

पेठ तालुक्यातल्या एका शाळेत सहा कॉम्प्युटर आहेत. सगळ्यांवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली), आणि नेट शून्य. रेंज हवी तर मागच्या टेकडीवर जायचं. मुलांसाठी जीकॉम्प्री, म्हणजे खेळातून शिकवणारं सॉफ्टवेअर, टाकून द्या, एवढंच बाईंचं मागणं होतं. म्हटलं, अर्ध्या दिवसाचं काम.

पहिली फेरी पाण्यात. घरच्या लॅपटॉपवर पॅकेज (सॉफ्टवेअरची इन्स्टॉल फाइल) उतरवलं, पेनड्राइव्ह खिशात टाकला नि पेठ फाट्यावरून गाडी काढली. सावळघाटात धुकं, पुढे पाऊस. शाळेत पहिल्याच मशीननं हात वर केले: लिबसी६ची, म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम ज्यावर चालतात त्या मूळ लायब्ररीची, नवी आवृत्ती पाहिजे. माझा लॅपटॉप उबुंटू २२.०४चा, त्यांचं उबुंटू २०.०४; तिथे लिबसी २.३१ आहे. शिवाय जी जोड-पॅकेजेस माझ्याकडे आधीच होती, ती एपीटीनं (उबुंटूत पॅकेजेस उतरवून टाकणाऱ्या कमांडनं) उतरवलीच नव्हती. "सर, निदान चहा तरी घ्या," बाई म्हणाल्या.

निघताना मात्र शहाणपणा केला: आवृत्ती आणि आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) वहीत लिहून आणलं. त्यांचं एएमडी६४, म्हणजे नेहमीचं ६४-बिट, निघालं.

घरी २०.०४चाच लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट उबुंटू चालवणारा) बनवून त्यावरून लॅपटॉप चालू केला. लाइव्ह म्हणजे जवळपास कोरं मशीन, त्यामुळे काय कमी आहे ते त्यालाही शाळेइतकंच कमी. पॅकेजेसची यादी अपडेट केली आणि 'डाउनलोड-ओन्ली' (फक्त उतरव, टाकू नको) लावून इन्स्टॉलची कमांड दिली. सगळ्या डेब फाइल्स, म्हणजे उबुंटूची पॅकेजेस, व्हार-कॅश-एपीटी-आर्काइव्ह्ज या फोल्डरमध्ये येऊन पडतात. लॅपटॉप बंद करण्याआधी त्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. लाइव्हमधलं सगळं रॅममध्ये असतं, बंद केलं की गेलं. शाळेत उबुंटू टाकताना कोणी 'मिनिमल' (कमीत कमी सॉफ्टवेअरचा पर्याय) निवडलं असेल, तर ही युक्तीही तोकडी पडू शकते, तेवढं आधी विचारून घ्या.

दुसऱ्या फेरीत फाइल्सच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडलं आणि एपीटी इन्स्टॉलपुढे टिंब, तिरकी रेघ, चांदणी, डॉट डेब (./*.deb) लिहिलं, म्हणजे या फोल्डरमधल्या सगळ्या डेब फाइल्स. ते टिंब-रेघ विसरलात तर एपीटी फाइल सोडून त्या नावाचं पॅकेज शोधत बसतं. डीपीकेजीनं, म्हणजे एपीटीच्या आतल्या मूळ इन्स्टॉलरनंही, होतं, पण काही राहिलं तर ते अर्धवट सोडून देतं. एपीटी आधीच सांगतं.

चौथ्या मशीनला लाइट गेली. तासभर व्हरांड्यात पावसाकडे बघत बसलो. ते आणि बाकीची दोन त्यानंतर झाली.

आता बाईंना लिब्रेऑफिस मराठीत हवंय. या वेळी निघण्याआधी त्यांच्याकडून डीपीकेजीची स्टेटस फाइल (त्या मशीनवर कोणती पॅकेजेस आहेत त्याची नोंद) मागवली आहे; त्यांचा भाचा शनिवारी पेनड्राइव्ह घेऊन नाशिकला येतोय.