बरड ते नातेपुते

दिवे घाट ढकलाढकलीत गेला. नीरा स्नानाचं लोक सांगतात तेवढं मला काही झालं नाही. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, मला फक्त धूळ दिसली.

अण्णा वैशाखात गेले. घरची वारी चुकू नये म्हणून आईने मला धाडलं. हृदयाचं दुखणं त्यांना गेल्या आषाढाआधीच कळलं होतं, हे आम्हाला नंतर फाइल सापडली तेव्हा समजलं. घरात कायम कपाळाला आठी. आणि दिंडीत जो तो सांगे, ‘अण्णा पावली काय खेळायचे! फुगडी काय घालायचे!’ मला रागच येई. उरलेल्या दिवसांतले इतके दिवस यांना दिले?

बरड सोडलं. धर्मपुरीच्या पुढे डांबर तापलेलं, दोन्ही टाचांना फोड. बाभळीखाली बसलो. एका म्हातारीने डोक्यावरचं तुळशीवृंदावन उतरवलं, पिशवीतून सुई-दोरा काढला.

“मावशी, सुई धुतली का?”

“शिकलेला दिसतोस.” काडी ओढून तिने टोक तापवलं. फोडातून दोरा आरपार ओवला, तसाच आत ठेवून तोडला. पाणी झिरपत राहतं, कातडं निघत नाही. ब्रह्मांड आठवलं.

समोरून दिंड्या जात होत्या. १२९६ साली, विशी नुकती ओलांडलेली असताना समाधी घेतलेल्या पोराला सत्तरीची माणसं आई म्हणून हाक मारत चाललेली. का कोण जाणे, मी तिला अण्णांचं सगळं सांगून टाकलं.

“घरी सांगितलं असतं तर तुम्ही खाटंवर निजवलं असतं,” ती दुसऱ्या टाचेशी लागली. “इथं कोन इचारतंय?”

मी काही बोललो नाही. तिने तंबाखू मागितली, माझ्याकडे नव्हती.

नातेपुत्यात समाजआरतीला चोपदारांनी दंड उंचावला, सगळीकडे शांत. ज्या दिंडीची तक्रार असते तिचेच टाळ वाजत राहतात. माझेही एक-दोन ठोके जास्तच पडले. विणेकऱ्यांनी डोळे वटारले. चोपदार आले असते तर सांगणार काय होतो?

तंबूत अण्णांची जागा कडेची, वाऱ्याची. तिथे दुसराच वारकरी वळकटी पसरून घोरत होता. मी त्याला हलवून उठवलं.

“माउली, सरका. ही आमची जागा आहे.”

तो पुटपुटत सरकला.