आजीबाईंचं सलून आणि आमची फोर्ड

काल सकाळी ट्रेलर आला आणि शेजारच्या आजीबाईंची गाडी घेऊन गेला. तीन महिने मी त्या गाडीपायी इतकी येडी झाले होते की नवरा म्हणायला लागला, आता कमिशन तरी माग. कमिशन कसलं, लिंबाचा केक मिळाला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, आजीबाई शांतपणे घरात गेल्या, मी इकडं येऊन कुकर लावला आणि मलाच रडू फुटलं.

आम्ही ऑक्सफर्डला काउलीत राहतो. इथंच मॉरिसचा कारखाना होता, आता तिथं मिनी बनते. आपल्या कलेक्टर-तहसीलदारांची ती पांढरी ॲम्बेसेडर मूळची इथलीच, मॉरिस ऑक्सफर्डचं तिसरं मॉडेल. इथल्यांनी ते कधीच बंद केलं, आपण २०१४ पर्यंत बनवत होतो. हे मी इथं भेटेल त्याला सांगते, कुणी विचारलेलं नसतं तरी.

आजीबाई ८४ वर्षांच्या. नवरा वारल्यावर गॅरेज रिकामं करायला काढलं, जुन्या गाद्या आणि रंगाच्या डब्यांच्या मागं ताडपत्रीखाली ही गाडी. मला म्हणाल्या, १९३५ ची मॉरिस एट सलून आहे, विकायला मदत करशील का? आपण जिला सेडान म्हणतो तिला इथं सलून म्हणतात. संध्याकाळी अहमदपूरला फोन केला आणि बाबांना म्हणलं, शेजारच्या आजीचं सलून विकून द्यायचंय. बाबा दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, खुर्च्या-आरशासकट का?

मला वाटलं फोटो काढायचे, किंमत टाकायची, झालं. पण युद्धाआधीच्या मॉरिस गाड्यांचा इथं वेगळा क्लब आहे, त्यातले एक म्हातारबाबा बघायला आले आणि ३५ साल ऐकून नुसते हसले. आमचे आजोबा माळेगावच्या जत्रेत बैल घ्यायचे तेव्हा मालक काय सांगतो ते ऐकायचेच नाहीत, सरळ बैलाचं तोंड उघडून दात बघायचे, दोन दाती, चार दाती, का जुळला. या बाबांनी तेच केलं. चाकं तारांची नाहीत, पत्र्याच्या थाळीसारखी आहेत, म्हणजे पहिली सिरीज नव्हे. रेडिएटरची चौकट क्रोमची नाही, रंगवलेली. हेडलाइट अजून सुटे आहेत, मडगार्डमध्ये बसवलेले नाहीत, म्हणजे ३८ च्या शेवटी आलेली सिरीज ई पण नव्हे. मधली राहिली ती दुसरी सिरीज. इंजिनाच्या नंबरवर त्यांचा विश्वासच नव्हता, म्हणाले इंजिनं बदलतात, चेसिस दाखव. मग काजळी पुसून नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, आपल्या आरटीओत एजंट चिकटपट्टीनं छाप घेतो अगदी तसं. कागदावर हळूहळू एस आणि दोन उमटले तेव्हा मला दहावीचा निकाल लागल्यासारखं झालं.

आणि एट म्हणजे आठ हॉर्सपॉवर, पण ती ताकद नव्हे, टॅक्स! तेव्हा इथं पिस्टनच्या रुंदीवर हॉर्सपॉवर मोजून कर लावायचे. म्हणून कंपन्यांनी सिलिंडर बारीक आणि उंच केले, या गाडीचा ५७ मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. कागदावर आठ, खरी ताकद त्याच्या दुपटीहून जास्त. टॅक्स वाचवायची अक्कल फक्त आपल्याकडंच आहे असं मला इतके दिवस वाटायचं.

जुनं लॉगबुक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं पुस्तक, गॅसबिलांच्या फाईलीत सापडलं, पहिली नोंद मार्च १९३८. आजीबाई म्हणाल्या, माझा नवरा सगळ्याच गोष्टी तीन वर्षं वाढवून सांगायचा, स्वतःचं वय सोडून.

लॉगबुक नसतं तर गाडीच्या पाटीवरचा नंबर गेलाच होता. पूर्वी इथं नोंदी जिल्ह्याजिल्ह्यात कागदावर असायच्या. नंबरातली जेओ ही अक्षरं म्हणजे ऑक्सफर्ड, जसं आपलं एमएच २४ म्हणजे लातूर. १९७४ पासून सगळं एका ठिकाणी कॉम्प्युटरवर आणलं, आणि १९८३ पर्यंत ज्यांनी गाडी चढवली नाही त्यांचे नंबर बाद. ही १९६८ पासून उभी. तरी जुना कागद असेल आणि क्लबनं गाडी तपासून सही केली तर व्ही ७६५ नावाच्या फॉर्मवर तोच नंबर परत देतात, फक्त तो मग दुसऱ्या गाडीला लावता येत नाही, नाहीतर लोक गाडी भंगारात घालून नंबर विकतील. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ, दरवर्षीची तपासणीही माफ. आम्ही मात्र आमच्या सात वर्षांच्या गाडीला दरवर्षी दोन्ही भरतो.

आता जाहिरातीचं सांगते, कारण मला अजून राग आहे. मी मस्त लिहिलं होतं, एकाच घरातली गाडी, गॅरेजमध्ये ठेवलेली, मूळ कागदपत्रं. आजीबाईंनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, उंदरांचं कुठं लिहिलंस? मागच्या सीटखाली उंदरांनी घर केलं होतं, काथ्या सगळा कुरतडलेला. ते लिहिलं. मग डाव्या मडगार्डात नवऱ्यानं फिलर भरून वर रंग मारलाय ते लिही, ब्रेकचे सिलिंडर जाम आहेत ते लिही, पेट्रोलच्या टाकीत गंज आहे ते लिही. आम्ही प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं होतं, चार दिवसांनी पुढून हँडल घातलं आणि इंजिन गर्रकन फिरलं, मी आनंदानं ओरडलेच. म्हणलं हे तरी ठळक लिहू. तर म्हणाल्या, फिरलं, सुरू झालं नाही, दोन्ही लिही. मी म्हणलं आजी, घेणारा बघेल की, त्याला डोळे आहेत. त्या म्हणाल्या, त्याला नंतर सापडलं तर तो माझ्या नवऱ्याला शिव्या देईल.

आता यावर काय बोलायचं. आमच्याकडं बैलाची खोड कुणी आपण होऊन सांगत नाही, रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, खोड ओळखायची ती घेणाऱ्यानं. पण म्हणून आमचे लोक लबाड असं नाही हं, जत्रेत दोघांनाही हा खेळ माहीत असतो, आणि एकदा शब्द दिला की आजोबा कागदाशिवाय हजारांचे व्यवहार करायचे. इथं प्रत्येक गोष्टीला फॉर्म लागतो तेव्हा खरं बोलायला काय जातंय. असं मी मनात म्हणलं, आणि उंदीर टाईप केले.

तीन हजार दोनशे पाउंडला गेली. घेणारा पोरगा जाहिरातीची प्रिंट घेऊनच आला होता, एकेक दोष बघून टिक मारत गेला, आणि शेवटी घासाघीस करायला त्याच्याकडं काही उरलंच नाही, मागितले तेवढे देऊन गेला. आजीबाई माझ्याकडं बघून हसल्या. मला विचाराल तर चार हजार आले असते.

आमच्या वाड्यातही एक गाडी होती. फोर्ड म्हणायचो आम्ही तिला. पणजोबांनी निजामाच्या काळात घेतलेली, इंजिन कधीच काढून विहिरीवर पाणी उपसायला लावलेलं, आम्ही लहान असताना तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या आणि मी स्टेअरिंग धरून हैदराबादला जायचे. २०१६ ला काकांनी ती भंगारवाल्याला घातली. किलोवर. नऊ क्विंटल भरली. मला फोनवर विचारलं होतं, आणि मी ऑफिसातून, घाईत, काका तुम्ही बघा तसं करा म्हणाले होते. पण तेव्हाचं लातूर आठवा, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. काकांच्या दावणीला दोन देवणी गाई आणि एक म्हैस, टँकर विकत. गंजक्या पत्र्यासाठी जनावरं मारायची का? पुढं २०२१ ला आपल्याकडंही नियम आला, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हीए मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार फी. तोवर आमची पाच वर्षांपूर्वीच वितळली होती. मी पैसे पाठवू शकले असते का, तर हो. पण मला कुणी मागितले नव्हते.

मागच्या आठवड्यात सहज म्हणून क्लबच्या बाबांना काकांच्या लग्नातला फोटो दाखवला. माडीवरून काढलाय, गाडी ढकलत वरात चाललीय, टपावर झेंडूच्या माळा. त्यांनी भिंग काढलं. जाळीवरचा बिल्ला बोटानं दाखवला, मग टप. म्हणाले, सलग एका पत्र्याचा आहे, मधोमध कापड नाही, जनरल मोटर्सनं असे टप ३५ च्या मॉडेलपासून आणले. फोर्ड नाही ही, शेवरोले, ३५ ते ३९ मधली. नक्की साल नंबर बघून सांगतो, नंबर आहे का?

जनरल मोटर्सचा कारखाना तेव्हा मुंबईत शिवडीला होता, १९२८ पासून, तिथं गाड्या जोडल्या जायच्या. म्हणजे पणजोबांची गाडी बहुतेक तिथूनच आलेली.

काल कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर काकांना फोन लावला. म्हणलं, काका, आपली फोर्ड फोर्ड नव्हतीच, शेवरोले होती.

"काय करूलालीस गं तिकडं," काका म्हणाले, "शेवरोले तर शेवरोले. वजन तेवढंच भरलं असतं की."