तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याकडे मला झोप का लागत नाही

लग्नकार्य असो नाहीतर गणपती, कुणाकडे राहायची वेळ आली की सगळे हेच विचारतात, आणि वर म्हणतात, हर्णैला बंदराच्या कडेला राहतेस, पहाटेपासून बोटींची इंजिनं धडधडतात, त्यात बरी झोपतेस! हो, झोपते. कारण ते आवाज माझ्या ओळखीचे आहेत.

गुहागरला वन्संकडे राहिलो होतो तेव्हाचं सांगते. त्यांनी आपली खोली दिली, धुतलेली चादर, उशाशी पाण्याचा तांब्या, काही म्हणजे काही कमी केलं नाही. मला जरा डोळा लागला की पडवीच्या पत्र्यावर झावळी आपटायची, मग कुत्रं, मग मधेच एकदम सगळं सामसूम, आणि त्या सामसुमीत तर मी आणखीच जागी. शेवटी ओटीवर येऊन बसले. वन्सं पाणी प्यायला उठल्या, बघितलं, काही बोलल्या नाहीत. सकाळी चहाला सगळे बसलेले असताना म्हणाल्या, "वहिनी, आमचं घर तुम्हाला आपलं वाटतच नाही." मी गप्प बसले. त्यानंतर त्या जेवायला बोलावतात, राहा म्हणत नाहीत.

तेव्हा मलाही वाटायचं की हे माझे नखरेच, मन घट्ट केलं की झोप येईल. नाही येत हो. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी झोपलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तर नव्या जागी पहिल्या रात्री डावा अर्धा मेंदू उजव्याइतका गाढ झोपत नाही, जरा वेगळा आवाज आला की तो जागं करतो. डॉल्फिन तर एका वेळी अर्धाच मेंदू झोपवतो, आपलं तेवढं नाही पण त्याच जातीचं. झोपेची तपासणी करणारे पहिल्या रात्रीची नोंद बऱ्याचदा धरतच नाहीत. मग मलाच का धरता?

पण खरं सांगायचं तर हे झालं पहिल्या रात्रीचं. मी चार-चार दिवस राहिले तरी तीच गत, आणि माहेरी वर्षाने गेले, ती खोली आता भावाने पार बदललीय, तरी पडल्या पडल्या झोप लागते. म्हणजे वन्संचं बरोबर होतं का? मला तसं वाटत नाही, त्यांच्यावर माझा जीव आहे. यंदा गणपतीला गुहागरला राहू या असं हे म्हणतायत, मी अजून हो म्हटलेलं नाही.